डिस्ट्रिब्युटर कॅप आणि प्लग वायर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसाळी, दमट हवेत माझी जुनी कार सकाळी मिसिंग करते. ऊन चढलं की सुरळीत चालते. प्लग नवे टाकलेत. दोष कुठे असेल?

बहुधा प्लग वायरींत किंवा डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये, म्हणजे एकेका प्लगला वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात. कॉइलमधून (बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) वीस हजार व्होल्टच्या घरातली, कधी त्याहूनही जास्त व्होल्टची वीज निघते. रबराला बारीक चीर असेल आणि वर ओल धरली, तर ती प्लगपर्यंत न जाता मध्येच बॉडीत उतरते.

अंधारात तपासा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका शिडकावा करा. चिरलेल्या ठिकाणी निळसर ठिणगी दिसेल, तडतड ऐकू येईल. हात, बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा, चालू इंजिनाच्या वायरींना स्पर्श नको. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका, आधी गळती शोधा.

मग इंजिन बंद करून कॅप उघडा आणि आतून उजेडात फिरवून बघा. आतल्या धातूच्या दोन टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप गेली. तिथलं प्लास्टिक जळून कोळसा झालेला असतो आणि कोळशातून वीज वाहते. अशी रेघ खरवडून गाडी चालवणारे पुष्कळ भेटतात, पण ती पुन्हा उमटते. मधलं कार्बनचं बटणही बघा. ते स्प्रिंगवर मोकळेपणाने आतबाहेर व्हायला हवं.

प्रश्न : कॅप बदलताना रोटरही बदलायचा का?

हो. रोटर म्हणजे कॅपखाली फिरून एकेका वायरीला वीज देणारा भाग. त्याचं टोक कॅपच्या टोकांबरोबरच झिजतं. मधली फट वाढली की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि नव्या कॅपवरही ताण येतो.

प्रश्न : सगळ्या वायरी एकदम काढून नव्या लावल्या. आता गाडी सुरू होत नाही, उलट बॅकफायर होतो. काय चुकलं?

वायरींचा क्रम. म्हणूनच एक जुनी काढायची, तिच्याच लांबीची नवी तिथेच लावायची, मगच दुसरीला हात घालायचा. काढताना वायर ओढू नका. रबरी टोपी धरून थोडी पिळा, मग उपसा.

आता क्रम नव्याने लावावा लागेल. चारही प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि क्रँक पुलीचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरचं चाक) बोल्ट पान्याने, इंजिन फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. अंगठ्याखाली हवेचा दाब जाणवला की टायमिंगची खूण जुळेपर्यंत फिरवत राहा. दाबाची खात्री हवीच, कारण इंजिनाच्या एका चक्रात, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत, ती खूण दोनदा जुळते आणि एकदाच ती कॉम्प्रेशनची, म्हणजे हवा दाबली जाण्याची असते. त्या क्षणी रोटर कॅपच्या ज्या टोकाकडे बघतो, ते पहिल्या सिलिंडरचं. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने पुढच्या वायरी लावत जा. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत क्रम 1-3-4-2 असतो, पण काहींत 1-2-4-3. तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याचदा तो इंजिनावरही कोरलेला असतो. अंदाजाने मात्र लावू नका.

प्रश्न : साध्या तांब्याच्या तारेच्या वायरी घेतल्या तर ठिणगी जोरदार पडेल ना?

त्याचा फरक जाणवणार नाही, रेडिओतली खरखर मात्र जाणवेल. मूळ वायरीतला रेझिस्टन्स मुद्दाम ठेवलेला असतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत तो काढून टाकणं धोक्याचं. कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची वायर घ्या. जुन्या वायरी मल्टिमीटरवर मोजून बघा: काही हजार ओहम येणं नेहमीचंच, लांब वायरीत जास्त. एखादी तशाच लांबीच्या दुसरीपेक्षा कितीतरी पट दाखवत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती आतून तुटलेली आहे.

प्रश्न : नव्या वायरी लवकर का जातात?

बहुतेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे तापलेले पाइप) टेकून भाजल्याने. वायरी वेगळ्या धरणारे प्लास्टिकचे क्लिप फेकू नका, त्यांच्यातूनच वायरी न्या. प्लगचा गॅपही (टोकाची ठिणगीची फट) तपासा: तो झिजून वाढला असेल तर जास्तीचा ताण वायर आणि कॅप दोघांवर येतो.