नुसतं 'नाही' म्हणणं म्हणजे रिफ्यूट नव्हे

प्रश्न असा आलाय की 'द मिनिस्टर रिफ्यूटेड द अ‍ॅलिगेशन्स' याचं मराठी 'मंत्र्यांनी आरोपांचं खंडन केलं' असं करावं का.

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ब्रिटनच्या पार्लमेंटपासून अमेरिकेतल्या टीव्ही मुलाखतींपर्यंत तेच, आरोप झाला की माणूस 'आय रिफ्यूट दॅट' म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. अरे पण कुठे केलंस रिफ्यूट? पुरावा नाही, आकडा नाही, नुसतं नाही म्हणालास, त्याला डिनाय म्हणतात. उलट मुद्दे मांडले तर रिबट, आणि समोरच्याचं म्हणणं चूक आहे हे दाखवून दिलं तरच रिफ्यूट. 2010 साली अमेरिकन राजकारणी सॅरा पेलिन यांनी ग्राउंड झीरोजवळच्या, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये 9/11चा हल्ला झाला त्या जागेजवळच्या, नियोजित मशिदीवरून केलेल्या ट्विटमध्ये रिफ्यूट आणि रिपुडिएट (धुडकावणं) एकत्र कालवून 'रिफ्युडिएट' लिहिलं, आणि न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तोच वर्षाचा शब्द म्हणून निवडला!

आता मूळ. रिफ्यूट आला लॅटिन 'रेफुतारे'वरून, म्हणजे मागे हटवणं, परतवून लावणं. यातला 'फुतारे' एकटा सहसा सापडत नाही, म्हणून बरेच कोशकार त्याचा अर्थ 'मारणं' असा लावून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. याचाच भाऊ 'कोन्फुतारे', आणि टिटिनियस नावाच्या जुन्या रोमन नाटककाराची एक सुटी ओळ शिल्लक आहे, तिच्यात आचारी मोठं भांडं उकळून वर यायला लागलं की छोट्या पळीने त्याला 'कोन्फुतारे' करतो. पळीने काय भांड्याला मारतो का तो? आपण दूध वर आलं की पाण्याचा हबका मारतो, तेच आहे हे! लॅटिनमध्ये 'फुतिस' म्हणजे पाण्याचं भांडं, ओतणं या क्रियापदाच्या कुळातलं, आणि त्याच कुळातला इंग्रजी 'फ्युटाइल' म्हणजे निष्फळ, मूळ अर्थ गळकं. माझं मत पक्कं आहे, रिफ्यूट करणं म्हणजे उतू जाणाऱ्या आरोपावर गार पाणी ओतून तो खाली बसवणं, आणि पाणी तर हातात हवं ना, नुसतं भांड्याकडे बघून 'मी रिफ्यूट करतो' म्हटल्याने दूध थांबत नाही.

मेरियम-वेबस्टर रिफ्यूटचा दुसरा अर्थ म्हणून डिनाय देतो. लोक जसं बोलतात तसं नोंदवणं हे कोशाचं काम, मान्य, पण मग सिद्ध करून खोडण्यासाठी दुसरा नेमका शब्द कोणता वापरायचा ते तरी सांगा. कोशकार सॅम्युएल जॉन्सन बघा. जडवस्तू खऱ्या नसतातच या तत्त्वज्ञ बर्कलीच्या मताला 1763 साली हार्विचमध्ये उत्तर देताना त्यांनी मोठ्या धोंड्याला जोरात लाथ घातली आणि मग म्हणाले, हे असं रिफ्यूट करतो. तत्त्वज्ञ म्हणतात ते उत्तर लागू पडत नाही, पण माणसाने काहीतरी दाखवलं तरी.

हां, खंडन. आपल्याकडे तीच गत झालीय. खंडन म्हणजे तोडणं, तुकडे करणं, शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, नीट मांडायचा आणि मग एकेक मुद्दा फोडायचा, बाराव्या शतकात तत्त्वज्ञ श्रीहर्षाने आख्खा ग्रंथ त्यावर रचला, आणि आज बातमीत 'आरोपांचं खंडन केलं' खाली एकच वाक्य, आरोप निराधार आहेत. रिफ्यूटला खंडन हा प्रतिशब्द म्हणून अगदी अचूक, त्यात वाद नाही. पण तुमच्या वाक्यातल्या मंत्र्याने नुसतं नाही म्हटलं असेल तर 'आरोप फेटाळले' किंवा 'इन्कार केला' लिहा, उत्तर दिलं असेल तर 'प्रतिवाद केला', आणि कागदपत्रं टेबलावर ठेवून आरोप खोटा पाडला असेल तरच 'खंडन केलं'.