वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील तिसऱ्या उमेदवाराची मते कोठे जातात?

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख एकाच विषयाकडे होता. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन पक्षांबाहेरच्या उमेदवारांचे तेथे नेमके काय होते, असे या वाचकांना विचारायचे आहे. ती चारही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी भाची मिशिगन राज्यात राहते आणि ती तेथील नागरिक आहे. २०२४ च्या निवडणुकीत टपालाने घरी आलेली मतपत्रिका तिने आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली. प्रत्येक नावापुढे एक लांबट गोल होता आणि तो पेनाने पूर्ण भरायचा होता. हॅरिस आणि ट्रम्प यांच्याखेरीज तीत जिल स्टाइन, चेस ऑलिव्हर, कॉर्नेल वेस्ट अशी आणखीही नावे होती. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी तर ऑगस्टमध्येच माघार घेतली होती, मग त्यांचे नाव छापले कसे गेले? (निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड)

उत्तर : आपल्याकडे लोकसभेची निवडणूक एकच निवडणूक आयोग घेतो आणि अर्ज भरण्यापासून माघारीच्या मुदतीपर्यंतचे नियम देशभर सारखे असतात. अमेरिकेत अध्यक्ष एक असला तरी त्याची निवडणूक पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा आपापल्या कायद्याने घेतात, त्यामुळे मतपत्रिकेवर कोणाचे नाव यावे आणि कधीपर्यंत काढता यावे, हे प्रत्येक राज्यात वेगळे ठरते. केनेडी यांनी २३ ऑगस्ट २०२४ रोजी प्रचार थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि अटीतटीच्या राज्यांतून आपले नाव काढून घेण्याचा प्रयत्न केला. मिशिगनमध्ये एका छोट्या पक्षाने त्यांना अधिकृत उमेदवारी दिलेली होती आणि त्यांचे नाव कायम राहील, असा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये दिला. माघार घेतलेल्या या उमेदवाराला तेथे सुमारे २७ हजार मते पडली. न्यूयॉर्क राज्यात मात्र त्यांना नाव ठेवायचे होते, पण अर्जात दिलेला पत्ता त्यांच्या खऱ्या निवासाचा नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि नाव वगळले गेले. एकाच माणसाला एका राज्यात नाव काढायचे होते ते निघेना आणि दुसऱ्या राज्यात ठेवायचे होते ते राहीना.

नाव येण्याचीच वाट किती बिकट असते, हे आपल्या नियमांशी ताडून पाहिले की लक्षात येते. नाशिक लोकसभा मतदारसंघात अपक्ष म्हणून उभे राहायचे असेल तर दहा मतदार सूचक म्हणून लागतात आणि सर्वसाधारण उमेदवाराला २५ हजार रुपये अनामत भरावी लागते. छाननीत अर्ज वैध ठरला की नाव आणि चिन्ह मतदान यंत्रावर येते. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या अपक्ष उमेदवाराला टेनेसी राज्यात २७५ मतदारांच्या सह्या पुरतात, पण २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी २ लाख १९ हजारांहून अधिक आणि टेक्सासमध्ये १ लाख १३ हजारांहून अधिक सह्या लागत होत्या. टेक्सासमध्ये सही करणाऱ्याने त्या वर्षी कोणत्याही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत दिलेले नसावे, अशीही अट आहे. या सह्या दुकानांबाहेर, जत्रांत, विद्यापीठांच्या आवारांत फळीला अडकवलेला कागद पुढे करून एकेक करून गोळा कराव्या लागतात. नंतर प्रतिपक्षाचे वकील पत्ता जुळत नाही, अक्षर लागत नाही, एकाच व्यक्तीने दोनदा सही केली, अशा हरकती घेऊन त्या बाद करायला बसतात. मोठ्या पक्षांच्या उमेदवारांना यातून जावे लागत नाही. छोट्या उमेदवाराचा पैसा आणि उन्हाळ्याचे महिने मात्र प्रचाराऐवजी यातच खर्ची पडतात आणि बातम्यांपर्यंत पोचण्याआधीच त्याची दमछाक होते. हे नियम राज्यांच्या विधिमंडळांनी केलेले आहेत आणि त्या विधिमंडळांत बसतात ते जवळजवळ सारे याच दोन पक्षांचे सदस्य असतात. हा मला त्या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष वाटतो.

प्रश्न : १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते पडूनही एकही निर्वाचक मत मिळाले नाही, असे वाचले. उलट त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी मते मिळवणाऱ्यांना ती मिळालेली दिसतात. हे गणित समजावून द्यावे. (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, नाशिक रोड)

उत्तर : आपल्या जिल्ह्यातला पाऊस डोळ्यांसमोर आणावा. मालेगावपासून सुरगाण्यापर्यंत सगळ्या तालुक्यांत सारखी रिमझिम झाली तर पिकांना जीवदान मिळते, पण गंगापूर धरणाची पातळी फारशी हलत नाही. धरण भरते ते त्र्यंबकेश्वर परिसरातल्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला म्हणजे. अमेरिकेतील मतांचे असेच आहे. अध्यक्षाची निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळात एकूण ५३८ निर्वाचक मते आहेत आणि विजयासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता प्रत्येक राज्यात ज्याला सर्वाधिक मते पडतात त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी निर्वाचक मते पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काहीही मिळत नाही.

पेरो हे टेक्सासचे उद्योगपती होते. सरकारी तुटीचा प्रश्न दूरचित्रवाणीवर अर्धा अर्धा तास वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून त्यांनी लोकांना समजावला. जुलैमध्ये त्यांनी माघार घेतली आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी पुन्हा मैदानात उतरले. तरीही १ कोटी ९७ लाख मतदारांनी त्यांना मत दिले. मेन राज्यात ते तत्कालीन अध्यक्ष (थोरले) बुश यांच्याही थोडे पुढे, म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर होते आणि युटामध्ये त्यांनी क्लिंटन यांना मागे टाकले. परंतु ही मते देशभर सारखी विखुरलेली होती आणि पहिला क्रमांक त्यांना एकाही राज्यात मिळाला नाही. क्लिंटन यांना ४३ टक्के मतांवर ३७० निर्वाचक मते मिळाली. आपल्याकडे वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली की अनामत वाचते. त्या हिशेबाने पेरो यांची अनामत सुखरूप राहिली असती, पण तेथे त्यांच्या नावापुढे निर्वाचक मतांच्या रकान्यात शून्यच आहे.

याहून बोलके उदाहरण १९४८ चे आहे. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातून फुटून दोन उमेदवार उभे राहिले आणि दोघांनाही देशभरात प्रत्येकी साधारण साडेअकरा ते पावणेबारा लाख, म्हणजे २.४ टक्के मते पडली. माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांची मते मोठ्या शहरांतून आणि दूरदूरच्या राज्यांतून आली आणि त्यांना एकही निर्वाचक मत मिळाले नाही. स्ट्रॉम थर्मंड यांची मते दक्षिणेत एकवटलेली होती आणि त्यांनी चार राज्ये जिंकली आणि एकूण ३९ निर्वाचक मते मिळवली. वॉलेस वर्णभेदाविरुद्ध बोलत होते, तर थर्मंड वर्णविभाजन टिकवण्यासाठी उभे होते. सारखीच मते असताना ज्याची बाजू अन्यायाची होती त्याला फळ मिळाले, हे वाचताना आजही अस्वस्थ वाटते. जॉर्ज वॉलेस (हे अलाबामाचे, वरील वॉलेस नव्हेत) यांनी १९६८ मध्ये त्याच वाटेने दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली आणि १३.५ टक्के मतांवर ४६ निर्वाचक मते मिळवली. ही व्यवस्था देशभर पसरलेल्या विचाराला मागे ठेवते आणि एका प्रदेशात साचलेल्या रागाला पुढे आणते.

बंडखोराने अधिकृत उमेदवारालाच मागे टाकावे, असे घडले ते १९१२ मध्ये. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा ते वेगळा पक्ष काढून लढले. त्यांना २७ टक्के मते आणि ८८ निर्वाचक मते मिळाली, तर पदावर असलेले अध्यक्ष टॅफ्ट यांच्या वाट्याला फक्त ८ निर्वाचक मते आली. या फुटीचा लाभ वुड्रो विल्सन यांना झाला. आज असे बंड करणे कठीण आहे, कारण पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याने त्याच वर्षी अपक्ष म्हणून उभे राहू नये, असे कायदे बहुतेक राज्यांत आहेत.

उमेदवार समोरासमोर येतात त्या दूरचित्रवाणीवरील वादसभांचा उल्लेख राहून जाऊ नये. पेरो यांना १९९२ मध्ये तिन्ही वादसभांत स्थान मिळाले होते, पण १९९६ मध्ये ते नाकारले गेले. २००० पासून राष्ट्रीय पाहण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असण्याची अट आली. पाठिंबा नाही म्हणून व्यासपीठ नाही आणि व्यासपीठ नाही म्हणून पाठिंबा नाही, असे हे चक्र आहे.

प्रश्न : कोणालाच २७० निर्वाचक मते मिळाली नाहीत तर काय होते? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : निवड अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) प्रतिनिधिगृहाकडे जाते. पहिल्या तीन उमेदवारांतून निवड होते आणि प्रत्येक राज्याचे मत एकच धरले जाते, म्हणजे कॅलिफोर्नियाही एक आणि वायोमिंगही एक. १८२४ नंतर तसा प्रसंग आलेला नाही. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांच्यामुळे तो येईल अशी धास्ती होती, आणि त्यातूनच निर्वाचक मंडळ रद्द करण्याची घटनादुरुस्ती १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने मंजूर केली, पण १९७० मध्ये ती सिनेटमध्ये अडवली गेली.

प्रश्न : आमच्याकडे अशा उमेदवाराला ‘मते खाणारा’ म्हणतात. निवडून येणारच नाही त्याला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे नव्हे काय? (व्यापारी, पंचवटी)

उत्तर : हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो आणि मला तो पटत नाही, कारण मते कोणाच्या ताटात आधीच वाढून ठेवलेली नसतात. तरीही आपल्या शंकेमागे एक खरा प्रसंग आहे. २००० मध्ये फ्लोरिडात रिपब्लिकन पक्षाचे बुश (१९९२ च्या बुश यांचे पुत्र) यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांच्यावर ५३७ मतांनी आघाडी घेतली आणि त्या एका राज्यावर अध्यक्षपद ठरले. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना तेथे ९७ हजारांहून अधिक मते होती. नेडर नसते तर त्यांच्या मतदारांपैकी अधिक जण गोर यांच्याकडे गेले असते, असा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. परंतु त्या मतपत्रिकेवरील इतर छोट्या उमेदवारांपैकी प्रत्येकाची मतेही ५३७ हून अधिक होती, आणि फरक इतका बारीक असला की दोष कोणाच्याही माथी मारता येतो. शिवाय सगळ्या तिसऱ्या उमेदवारांची मते एकाच बाजूची नसतात. पेरो नसते तर कोणाला मत दिले असते, असे मतदान केंद्राबाहेरील पाहण्यांत विचारले गेले, तेव्हा त्यांचे मतदार थोरले बुश आणि क्लिंटन यांच्यात जवळजवळ सारखे विभागलेले आढळले.

हरलेल्या मताचे काय होते, हे पाहायचे असेल तर १८९२ कडे वळावे. कॅन्सस, नेब्रास्का आणि दक्षिणेतील शेतकरी गहू-कापसाचे पडलेले भाव, रेल्वेचे वाहतूक दर आणि कर्ज यांनी पिचून गेले होते आणि त्यांतून पीपल्स पार्टी उभी राहिली. लासलगावच्या बाजार समितीत लिलावाचा आकडा ऐकून, कांद्याची ट्रॉली रिकामी करावी की माघारी न्यावी, या विचारात दांडीला हात लावून उभा असलेला शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या पक्षाची भाषा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. या पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते आणि २२ निर्वाचक मते मिळाली आणि ते हरले. त्यांच्या मागण्यांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाढणारा प्राप्तिकर, सिनेट सदस्यांची थेट लोकांकडून निवड आणि आठ तासांचा कामाचा दिवस ही कलमे होती. पक्ष पुढे विरून गेला, परंतु १९१३ मध्ये प्राप्तिकराची सोळावी आणि सिनेट निवडीची सतरावी, अशा दोन्ही घटनादुरुस्त्या अमलात आल्या. समाजवादी नेते युजीन डेब्स १९२० मध्ये युद्धविरोधी भाषणाच्या शिक्षेपायी अटलांटाच्या तुरुंगात असताना उमेदवार होते आणि त्यांना नऊ लाखांवर मते पडली. ते जिंकणार नाहीत, हे त्या नऊ लाखांना पक्के ठाऊक होते. एका माणसाला बोलल्याबद्दल कोंडून ठेवणे आपल्याला मान्य नाही, हे त्यांना सरकारी मोजणीत नोंदवून ठेवायचे होते आणि ते नोंदले गेले.

मतविभागणीच्या भीतीवर उपाय आहे आणि तो नाशिकच्या पदवीधरांनी स्वतःच्या हाताने वापरलेला आहे. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनाने आपण उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीत कोणीही कोटा (निवडून येण्यासाठी लागणारी मते) गाठला नाही, तर तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याची मते मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे दिली जातात. याच मतदारसंघातून २०२३ मध्ये सत्यजीत तांबे अपक्ष म्हणून निवडून आले. मेन राज्याने अध्यक्षीय निवडणुकीत ही पद्धत २०२० पासून आणि अलास्काने २०२४ मध्ये वापरली. फ्लोरिडात २००० साली ती असती, तर नेडर यांच्या मतदाराला दुसऱ्या रकान्यात गोर यांचे नाव निर्धास्तपणे निवडता आले असते. तिचा परिणाम प्रत्यक्ष दिसला तो २०१८ मध्ये, मेनच्या दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात. पहिल्या मोजणीत मागे असलेले जेरेड गोल्डन अपक्षांची मते हस्तांतरित झाल्यावर पुढे गेले आणि निवडून आले. मात्र २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगन या राज्यांतील मतदारांनी ही पद्धत नाकारली, आणि अलास्कात ती रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला तो हजाराहूनही कमी मतांनी.