लेक ड्यूकची, बाप कॅरोलायनाचा

ताई, नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. 1994 मध्ये एमएस करायला अमेरिकेत चॅपल हिलला, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनात आलो आणि याच भागात राहिलो. पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या डरहॅममधल्या ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा दोन ओव्हरटाइमपर्यंत गेलेला बास्केटबॉल सामना पाहिला. आम्ही 102-100 जिंकलो आणि मी कायमचा कॅरोलायनाचा झालो. मुलीला आकाशी निळ्या जर्सीतच वाढवलं. एप्रिल 2022 मध्ये ड्यूकला फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरवलं, तेव्हा तिला घेऊन चॅपल हिलच्या फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या गर्दीत नाचलो. आणि 2024 मध्ये तिने प्रवेश घेतला तो ड्यूकला! मेकॅनिकल इंजिनिअरिंग चॅपल हिलला नाही हे मान्य, पण शेजारी एनसी स्टेट विद्यापीठ होतं की. जानेवारीत ड्यूकची पोरं कडाक्याच्या थंडीत तंबूत राहतात, तशी हीदेखील राहिली. मी चौकशीही केली नाही.

14 मार्च 2025 ला शार्लटला झालेला, कॉन्फरन्सच्या म्हणजे आमच्या विद्यापीठ-गटाच्या स्पर्धेचा ड्यूकविरुद्धचा उपांत्य सामना मी आणि ती घरी शेजारी बसून पाहत होतो. आम्ही 24 गुणांनी मागे होतो, तिथून वर आलो. चार सेकंद उरले असताना बरोबरीचा फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक) पडला, पण आमच्याच एका खेळाडूने आधी पाऊल आत टाकलं म्हणून पंचांनी तो रद्द केला. 74-71 हरलो. ती टाळ्या वाजवत उठली. माझ्या तोंडून गेलं, "फी मी भरतो आणि माझ्याच घरात मला हिणवतेस? जा तुझ्या ड्यूकला." ती त्याच रात्री गेली. आता आईशी बोलते, माझ्याशी नाही. पुढे फायनल फोरमध्ये ड्यूक ह्यूस्टनकडून हरलं त्या रात्री मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बायको म्हणते, तळघरात दुसरा टीव्ही घेऊ, दोघं वेगवेगळे बसा. तीस वर्षांचं हे प्रेम मी सोडून द्यावं का?

– कॅरी गावातला (नॉर्थ कॅरोलायना) एक बाबा

---

दादा, नमस्कार.

प्रेम अजिबात सोडू नका. मी स्वतः चॅपल हिलमध्ये काही वर्षं राहिले आहे आणि मनाने आजही आकाशी निळ्या बाजूचीच आहे. त्यामुळे "एका खेळावरून कोणी लेकीला असं बोलतं का?" हे मी तुम्हाला ऐकवणार नाही. ते ऐकवणारे तुम्हाला आधीच पुष्कळ भेटले असतील. तो रद्द झालेला फ्री थ्रो मीही पाहिला. 24 गुणांची पिछाडी भरून काढायची, चेंडू जाळीतून जाताना पाहायचा आणि मग शिट्टी ऐकायची, हे दुःख खरं आहे. ज्याचं पाऊल आधी पडलं, त्या मुलाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्याने ते पुरेसं ऐकलं असेल.

पण तुमचं वाक्य दोन तुकड्यांत वाचा. "जा तुझ्या ड्यूकला" हा तुकडा चाहत्याचा आहे आणि तो तिने कदाचित हसण्यावारी नेला असता. "फी मी भरतो" हा तुकडा बापाचा आहे, आणि ती घर सोडून गेली ती त्यावरून. शिक्षणाचा खर्च काढून दाखवला की मुलांच्या लेखी मॅच तिथेच संपते. ड्यूकची फी राज्यातल्या विद्यार्थ्याला चॅपल हिलमध्ये पडते तिच्या कित्येक पट आहे हे तिला माहीत आहे, आणि तुम्ही ती भरता याचं ओझं ती रोज वाहत असणार. त्या ओझ्यावरच तुम्ही बोट ठेवलंत.

आता एनसी स्टेट. तेही सरकारी विद्यापीठ, तेही जवळच, आणि बास्केटबॉलमध्ये तेही कॅरोलायनाचं जुनं वैरी. तिथे ती लाल जर्सी घालून बसली असती तर तुम्ही चिडला असता, पण "जा" म्हणाला नसता. म्हणजे सल आहे तो ड्यूकचाच. या वैराला नुसते दोन संघ पुरत नाहीत. एका बाजूला 1795 पासून चाललेलं, राज्याचं, गावोगावच्या मुलांचं विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला तंबाखूच्या संपत्तीवर उभं राहिलेलं, बाहेरून आलेल्या श्रीमंतांच्या मुलांचं म्हणून ओळखलं जाणारं खासगी विद्यापीठ. दोघांमध्ये अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. दोघांचा रंग निळा, एकाचा आकाशी, एकाचा गडद. 24 जानेवारी 1920 ला पहिला सामना झाला तेव्हा ड्यूकचं नाव ट्रिनिटी कॉलेज होतं, आणि तोही आपणच जिंकला होता. तुम्ही परदेशातून हातात दोन बॅगा घेऊन आलात, आणि इथल्या लोकांनी तुम्हाला आपलं म्हटलं ते या आकाशी निळ्या रंगामुळे. लाउंजमध्ये अनोळखी मुलांनी तुम्हाला मिठ्या मारल्या असतील त्या 1995 च्या रात्री. मुलगी ड्यूकला गेली तेव्हा तुम्हाला वाटलं असणार की ज्या दारातून आपण या देशात आत आलो, ते दार तिने लोटलं. मला वाटतं, दुखतंय ते हेच, आणि ते तुम्ही तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

तिच्या बाजूने पाहा. तिला मेकॅनिकल करायचं होतं आणि तिला देशातल्या नावाजलेल्या ठिकाणी प्रवेश मिळाला. तुमच्या इतक्या मोठ्या पत्रात तिने ड्यूक का निवडलं हे तिच्या शब्दांत एकदाही आलेलं नाही. विचारलंत कधी?

आणि तो तंबू! तिथे काय चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये जेमतेम नऊ हजार तीनशे माणसं मावतात. विद्यार्थ्यांना तिकीट नसतं, रांग असते. कॅरोलायनाच्या सामन्यासाठी ही रांग जानेवारीतच लागते. बारा-बारा जणांचे गट स्टेडियमबाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात. त्या जागेला त्यांनी ड्यूकचे 2022 पर्यंतचे कोच माइक शशेफ्स्की यांच्या नावावरून शशेफ्स्कीव्हिल नाव ठेवलंय. रात्री-बेरात्री कधीही भोंगा वाजतो, हजेरी होते, आणि ठरलेली संख्या तंबूत नसली की त्या गटाची रांगेतली जागा धोक्यात येते. वर अभ्यास, परीक्षा, लॅब सगळं चालू. ही मेहनत तुमच्या लेकीने केली ती कोणाविरुद्धच्या सामन्यासाठी? कॅरोलायनाविरुद्धच्या. कॅरोलायनाचा सामना जगातला सर्वांत मोठा सामना असतो, हे तिच्या मनावर कोणी बिंबवलं? आजूबाजूच्या बहुतेक मुलांना हे वैर पहिल्या वर्षी शिकावं लागतं, ती ते घरून शिकून गेली. तुमच्या इतक्या वर्षांच्या वेडाचा तिच्याइतका मोठा वाटेकरी दुसरा कोणी नाही. तिच्याशी अबोला धरलात तर 1995 च्या सामन्याबद्दल बोलायला तुमच्याकडे उरणार कोण? ऑफिसातली मंडळी "हो का" म्हणून चहाला जातील.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एक आठवण करून देते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला शिवाजी पेठेचा संघ आणि मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम भिडली की घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि त्याच पेठेतल्या मामाकडे किंवा बहिणीच्या सासरी जेवायला बसायचं, हे तुमच्याकडे चालत आलंय. तिथे कोणी सोयरीक मोडत नाही. समोरच्या पेठेत आपलं माणूस असलं की हरल्यावर टोमणे जास्त ऐकावे लागतात, आणि जिंकल्यावर ते फेडायला हक्काचं घरही असतं.

या वैरातल्या माणसांनीही हे ओळखलेलं आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये डीन स्मिथ गेले. 36 वर्षं कॅरोलायनाचे प्रशिक्षक, 879 विजय, ड्यूकवाल्यांच्या डोळ्यांतलं कुसळ. पुढचा सामना 18 फेब्रुवारीला नेमका कॅमेरॉनमध्ये होता. सामन्याआधी दोन्ही संघांचे खेळाडू आणि प्रशिक्षक मैदानाच्या मध्यभागी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गुडघ्यावर बसले. एरवी पाहुण्या संघाला एक शब्द ऐकू येऊ न देणारं ते स्टेडियम गप्प होतं. मग उठून दोघे असे खेळले की सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ड्यूकने तो 92-90 घेतला. आपण हरलो, तरी तो सामना मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक. ज्युलियन रॉबर्टसन नावाचे गुंतवणूकदार, शिकले चॅपल हिलला. त्यांचा एक मुलगा ड्यूकला गेला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जोसी यांनी 2000 मध्ये दोन्ही विद्यापीठांची मिळून एक शिष्यवृत्ती सुरू केली, जिच्यातली मुलं दोन्हीकडे शिकतात. दोन्ही कॅम्पसमध्ये ये-जा करणारी बसही त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हा तुमच्यासारखा बाप तुमच्या आधी होऊन गेलाय.

आता काय करायचं ते. फोन तुम्ही करायचा, बायकोकरवी निरोप धाडायचा नाही. त्या माउलीने गेले कित्येक दिवस टपालखात्याचं काम केलंय, तिला सोडवा. फोनवर फक्त फीच्या वाक्याची माफी मागा. "मी रागात होतो, पण तूही..." हे शेपूट लावू नका, टाळ्यांचा विषय काढू नका. फी हा शब्द यापुढे भांडणात येणार नाही एवढं कबूल करा आणि पाळा.

ह्यूस्टनच्या सामन्याचंही बोला. ड्यूककडे उत्तरार्धात 14 गुणांची आघाडी होती आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळं गेलं, 70-67. तुम्हाला आनंद झाला हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. पण त्याच्या तीन आठवडे आधी तुम्ही जे सोसलंत तेच ती त्या रात्री सोसत होती, बहुधा पहिल्यांदाच, आणि ते कसं सोसायचं हे तिच्या ओळखीत सर्वांत चांगलं तुम्हाला माहीत आहे. "त्या रात्री तुझी आठवण आली" एवढं म्हणा. आली असणारच.

मग एका शनिवारी डरहॅमला जा. आकाशी निळी टोपी घालूनच जा. तटस्थ असल्याचं सोंग आणू नका, आणि तिला बरं वाटावं म्हणून ड्यूकचा जयजयकार तर मुळीच नको, तिला क्षणात कळेल आणि वाईट वाटेल. तिला म्हणा, तुझा तंबू कुठे होता ते दाखव. किती वाजता भोंगा वाजायचा, रात्री कोण जागं राहायचं, आईची रजई पुरली का, सगळं विचारा. आणि ड्यूक का निवडलं तेही विचारा, उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

पुढच्या हंगामात दोन सामने ठरलेलेच आहेत, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. आपल्याकडचा, डीन स्मिथ सेंटरमधला, तिला घेऊन पाहा. वीस हजारांवर माणसांत ती एकटी गडद निळ्या जर्सीत बसेल. कोणी तिला वेडंवाकडं बोललं तर तिच्या बाजूने उभं राहायचं काम तुमचं. घरी पाहाल तेव्हा मात्र एक नियम आधीच ठरवा: शिट्टी वाजल्यावर जिंकणाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, आणि हरणारा स्वतः बोलेपर्यंत सामन्याचं नाव काढायचं नाही. टाळ्या तिकडे, गॅसपाशी, हव्या तेवढ्या वाजवाव्यात.

तळघरातला दुसरा टीव्ही घेऊ नका. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

– ताई