आमच्या निपाणीत सभेत ठराव मंजूर झाला तरी गटाराचं काम सुरूच होत नाही. ठरावाची प्रत मिळते का?

मिळते, मागायची धमक हवी!

ठराव म्हणजे फक्त पहिली सही. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, टेंडर, आणि निधी सरकारी योजनेतला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा कृती आराखडा. फाईल बहुतेक वेळा इथेच झोपते. नगरसेवक वॉर्डात फटाके उडवून मोकळे होतात. शिवाय कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ प्रमाणे जिल्हाधिकारी बेकायदा वाटलेल्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. बेळगाव महापालिकेनं २००५ मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तेव्हा तर सरकारनं सभागृहच बरखास्त केलं. गटारासाठी तेवढं होत नाही म्हणा.

माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ठरावाची प्रत, टेंडरची तारीख आणि फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे एवढंच विचारा. इतिवृत्त कन्नडमध्येच येईल, वाचून दाखवणारा शोधून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, त्याला फी नाही.