पूल गुंडाळतो म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न: मी आणि हे लेकीकडे लंडनला गेलो होतो, तिथे पॅडिंग्टन स्टेशनच्या मागे कॅनॉलच्या कडेला जावयांनी एक छोटा पूल दाखवला आणि म्हणाले, हा गुंडाळतो. मला मस्करीच वाटली. पण मोबाईलवर व्हिडिओ लावला तर खरंच गोल झाला की! हे चालतं कसं आणि एवढ्याशा पाण्यावर पूल हलवायची गरज काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काकू, जावईबापू खरं तेच सांगत होते. हा ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओने डिझाइन केलेला रोलिंग ब्रिज, २००४ सालचा, लांबी फक्त १२ मीटर. आधी गरजेचं सांगते. पॅडिंग्टनचा हा कॅनॉल १८०१ मध्ये मालाच्या बोटींसाठी सुरू झाला, त्याच्या टोकाला जो बेसिन, म्हणजे बोटी थांबण्याचा रुंद पाणसाठा, आहे त्याच्या एका छोट्या फाट्यावर हा पूल आहे, आणि तो पाण्याच्या इतका जवळ आहे की खालून बोट जाणारच नाही, म्हणजे बोटीला वाट द्यायची तर पूलच बाजूला व्हायला हवा.

साधा उचलायचा पूल असता तर एक सरळसोट फळी आभाळाकडे उभी राहिली असती. इथे पुलाचे आठ तुकडे आहेत आणि ते खाली, चालायच्या पातळीला, बिजागऱ्यांनी जोडलेत. खरी गंमत रेलिंगमध्ये आहे! दोन तुकड्यांमध्ये रेलिंगचा जो उभा खांब दिसतो ना, तोच हायड्रॉलिक पिस्टन, आणि वरचा आडवा दांडा मधोमध दुमडणारा, कोपरासारखा. तेलाच्या दाबाने पिस्टन वर सरकतो, दांड्याचं कोपर वर उचललं जातं, त्याची दोन्ही टोकं जवळ येतात आणि शेजारचे तुकडे वरून एकमेकांकडे ओढले जातात. खालची लांबी आहे तेवढीच, वरची कमी होत चालली, मग पूल वर वळणारच! पावसाळ्यात पैसा किड्याला काडी लावली की तो कसा वेटोळं करतो, अगदी तस्सं, फक्त सावकाश, आणि शेवटी दोन टोकं एकमेकांना टेकून काठावर अष्टकोन उभा. मला सगळ्यात आवडतं ते हे की तो मध्येच कुठेही थांबवता येतो, अर्धा वळलेला.

पुढच्या वेळी गेलात की त्याच बेसिनवरचा फॅन ब्रिज पण बघा, २०१४ चा, पाच पोलादी तुळया जपानी पंख्यासारख्या एकीपाठोपाठ एक वर उघडतात. आणि रोलिंग ब्रिजवर चालताना त्या खांबांना जरा हात लावून बघाच.