आधी भिंतीला विचार

चि. …
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही फायली पाहिल्या. एकीत त्या इंग्लिश घरातल्या जुन्या वॉलपेपरचा तुकडा, दुसरीत तू कॉम्प्युटरवर साफ केलेली तीच गुलाबाची फांदी. देठाची तुटकी रेघ सांधलीस, पानाबाहेर गेलेला रंग आत घेतलास आणि विचारतेस, "मावशी, कुठली चांगली दिसते?" अगं, आपल्याला हे ठरवायचंच नाहीये. अठराव्या शतकातला कागद पुन्हा छापायला घेतलाय ना? मग आधी भिंतीला विचार.

ती रेघ कुठे तुटलीय ते नीट बघितलंस का? असे कागद लाकडी ठशांनी हाताने छापत. ठशाचा टवका उडाला किंवा त्यात ठोकलेली पितळी पट्टी वाकली, की तो ठसा जिथे जिथे पडतो तिथे रेघ त्याच जागी तुटते. एका तुटीपासून पुढच्या तुटीपर्यंत टेप लावली की रिपीट, म्हणजे नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते, हातात येतो. आणि तू ती खूणच पुसून टाकलीस! पानाबाहेरच्या रंगाचंही तसंच. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, कोपऱ्यातल्या खिळ्यांनी उठलेल्या टिंबांवर पुढचा ठसा बसवायचा, आणि दोन रंगांच्या मध्ये कागद वाळायला टांगायचा. कागद भिजतो तसा फुगतो, वाळतो तसा आक्रसतो. रंग कुठल्या बाजूला सरकलाय आणि किती, यावरून कुठला ठसा आधी पडला आणि कुठला मागून, याचा अंदाज बांधता येतो. सफाई करायला कोणीही मिळेल. तुला तिथे वाचायला बसवलंय.

पानं निळी का, हेही तू विचारलंस आणि घराच्या मालकांना निळीच आवडतात म्हणून निळी छापायला निघालीस. थांब. त्या काळी हिरवा पुष्कळदा निळ्यावर वनस्पतीचा पिवळा चढवून करत, आणि तो पिवळा उजेडात उडून जातो. मागे निळा उरतो. खिडकीसमोरचा तुकडा बघून रंग ठरवायचा नसतो. स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाची, पट्टी निघाली तर तिच्या मागे बघ, विजेच्या बोर्डामागे बघ, वर चिकटवलेल्या नंतरच्या थरांखाली बघ. तिथे उजेड पोचलेला नाही. मालकांची आवड ऐकून घे, पण भिंतीला विचारल्यानंतर.

डिजिटल छपाईचं म्हणशील तर "कोणाला कळणार आहे?" हे वाक्य मी तुझ्या जन्माआधीपासून ऐकत आलेय. तिरका उजेड टाकला की कळतं. खडूची भुकटी, सरस आणि रंगद्रव्य यांचा तो दाट रंग कागदावर बसतो. ठसा उचलताना कडेला त्याची बारीक वळी उठते. प्रिंटरची शाई सपाट राहते. आणि यंत्र स्वस्त आहे हा शोध काही आपल्या पिढीचा नाही. इंग्लंडमधल्या लँकशरच्या पॉटर कंपनीने रोलरच्या छपाईचं पेटंट 1839 मध्ये घेतलं. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1864 मध्ये, तिथल्याच नक्षीकार विल्यम मॉरिसचे पहिले कागद लंडनमधल्या इस्लिंग्टनच्या जेफ्री अँड कंपनीत छापले गेले, ते नाशपातीच्या लाकडाच्या ठशांनी, हाताने. 1875 च्या त्याच्या 'अकँथस' या नक्षीला तीस ठसे लागले. तीस! फ्रान्समध्ये रिक्सहाइमला झ्युबेर या वॉलपेपरच्या कारखान्यात आजही जुन्या ठशांवर छपाई चालते. या लोकांना यंत्र माहीत नव्हतं असं समजू नकोस.

"परक्यांच्या भिंतींशी माझा काय संबंध," असंही लिहिलंयस. संबंध आहे. ती वळत जाणारी फांदी, एकाच फांदीवर चार जातींची फुलं, ही धाटणी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या चिताऱ्यांच्या कापडातून तिकडे गेली. 1721 मध्ये छापील सुती कापड वापरायलाच इंग्लंडने कायद्याने बंदी घातली, तरी कागदावर ती फुलं येतच राहिली. पण एवढ्यासाठी तू ते काम करावंस असं मी म्हणणार नाही. संबंध नसता तरी रेघ जिथे तुटलीय तिथेच तुटायला हवी होती.

मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. एका घरात जिन्याची भिंत दुरुस्तीत खरवडून टाकली आणि दाराच्या चौकटीमागे तळहाताएवढा तुकडा राहिला. त्यात फूल होतं, फांदी पुढे कुठे जाते ते नव्हतं. उरलेलं मनाने काढून 'ऐतिहासिक' म्हणून द्यायला मी नकार दिला. काम दुसरीकडे गेलं. तिथे त्यांनी बेधडक फांदी पूर्ण केली, आज ती जिन्यात लागलेली आहे आणि लोक तिचे फोटो काढतात. त्या जिन्याची हळहळ अजून वाटते. स्वतःचा छापखाना निघाला नाही तो असल्याच नकारांमुळे. तरी तो नकार मी पुन्हा देईन. मनाने भरायला माझी मुळीच हरकत नाही, मीही भरलंय. मात्र सापडलेलं कुठलं आणि आपण भरलेलं कुठलं, हे कामाच्या कागदावर वेगवेगळं लिहिलेलं असायला हवं. ते लोक लिहायला तयार नव्हते. मी काय करायला हवं होतं, सांग.

असो. तुझ्या हातात तळहाताएवढा नाही, चांगला दोन हात लांब तुकडा आहे. साफ केलेली फाईल बाजूला ठेव. तुकड्याची मागची बाजू बघ. 1712 पासून 1836 पर्यंत तिकडे वॉलपेपरवर कर होता, त्याचा शिक्का मिळाला तर काळ ठरवायला मोठा आधार होईल. आडवा सांधा दिसतो का तेही बघ, कारण 1830 च्या आसपासपर्यंत सुटे ताव चिकटवून गुंडाळी करत. मग दिवा एका बाजूला धरून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ आणि मला पाठव. बोर्डामागचाही. रविवारी सकाळी मी घरीच आहे, फोन कर. आणि त्या मालकांशी मी बोलू का? संकोच करू नकोस, बोलेन.

तुझी,
मावशी