क्रीडागुण शाळेच्या दिरंगाईत अडकले. कोर्टात जाता येईल का?

प्रश्न : ताई, मी यंदा दहावी झाले. खो-खोमध्ये राज्य पातळीवर खेळले आहे. शाळेने माझा क्रीडागुणांचा (खेळासाठी मिळणाऱ्या जादा गुणांचा) प्रस्ताव मुदत संपल्यावर पाठवला, त्यामुळे निकालात ते गुण आलेच नाहीत. हवं ते कॉलेज थोडक्यात हुकतंय. मुख्याध्यापक म्हणतात, ‘ग्रेस मार्क म्हणजे काही हक्क नव्हे.’ शेजारचे काका ग्राहक मंचात जा म्हणतात. बाबांना कोर्टाच्या खर्चाची धास्ती वाटते.
– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. मैदानावर घाम गाळलास तू आणि कागद अडवला दुसऱ्याने.

मुख्याध्यापकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पेपर अवघड गेला म्हणून गुण वाढवून द्या, असं कोर्टाला सांगता येत नाही. आपल्याच राज्य मंडळाच्या बारावीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये पुनर्मूल्यांकनाचा हक्क नाकारला आणि शिक्षणतज्ज्ञांच्या निर्णयात न्यायालयांनी सहसा हात घालू नये, असं सांगितलं. पण तू गुणांची भीक मागत नाहीस. शासनाने क्रीडागुणांचा नियम केला आहे. त्यात तू बसत असशील, तर तो तुलाही लागू करा, एवढंच तुझं मागणं आहे. सवलत द्यायची की नाही हे शासन ठरवतं. एकदा ठरवली की ती मनमानीने देता वा नाकारता येत नाही. 2017 मध्ये सीबीएसईने बारावीची परीक्षा झाल्यावर वाढीव गुणांचं धोरण रद्द केलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरतं ते चालू ठेवायला लावलं होतं.

मंडळ मुदतीवर बोट ठेवणार, हे धरून चाल. म्हणून चूक तुझी नव्हती, हे कागदावर दिसलं पाहिजे. प्रमाणपत्र शाळेत कधी दिलंस? पोच आहे का? नसेल तर क्रीडाशिक्षकांना पाठवलेला मेसेज, फोटो, जे असेल ते जपून ठेव. शाळेकडून प्रस्तावाची जावक तारीख लेखी घ्या. मग मुख्याध्यापक, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि कोल्हापूर विभागीय मंडळ या तिघांना एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का घ्या. ‘बघतो’ असं तोंडी उत्तर आलं तर त्याचा कोर्टात काडीचा उपयोग नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तोही बाबांच्या नावाने टाका. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, त्यावर विसंबून बसू नका.

ग्राहक मंचाचा रस्ता सोडून द्या. परीक्षा मंडळ म्हणजे सेवा विकणारी संस्था नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितलं आहे.

मंडळाने नकार दिला किंवा गप्प बसलं, तर घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे सरकारी यंत्रणेला नियम पाळायला लावा अशी मागणी, करता येते. तू सज्ञान नाहीस, म्हणून ती बाबांमार्फत होईल. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे आणि सांगली त्याच्याच कक्षेत येते. मुंबईला खेटे घालायला नकोत. शाळेच्या चुकीची शिक्षा मुलीला नको, हा तुमचा मुख्य मुद्दा. माझ्या मते तो भक्कम आहे, पण निकाल तुझ्याच बाजूने लागेल अशी हमी मी देणार नाही. याचिकेत अंतरिम (अंतिम निकालाआधीचा तात्पुरता) आदेश जरूर मागा, नाहीतर सुनावणीपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या उरकलेल्या असतील. आणि आत्ता मिळतंय ते कॉलेज सोडू नकोस, प्रवेश घेऊन ठेव.

खर्चाचं बाबांना एवढंच सांग : 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा, अर्ज कुठे द्यायचा ते तिथे कळेल. निकालपत्र, खेळाचं प्रमाणपत्र आणि तिन्ही शिक्क्यांच्या प्रती सोबत न्या. हे याच आठवड्यात करा.